खडखडणारी दांडी: नंदुरबारचे घाटरस्ते आणि मोटार-मिस्त्रींची विद्या

मोटारीच्या गिअरची दांडी, म्हणजे चालकाच्या डाव्या हाताशी असणारा आणि गिअरपेटीतील चक्रांची जुळणी बदलणारा दांडा, खडखडू लागली म्हणून गाडी थांबत नाही, इंजिन बंद पडत नाही की डिझेल जास्त लागत नाही; त्यामुळे मालक हा दोष महिनोन्‌महिने सोसतो आणि गाडी दुसऱ्याच कामासाठी गॅरेजमध्ये नेली की जाताजाता त्याचा उल्लेख करतो. तरीही डोंगराळ मुलखातील मोटारदुरुस्तीच्या इतिहासात या किरकोळ वाटणाऱ्या दोषाला मोठे स्थान द्यावे लागते. मोडलेला भाग डोळ्यांना दिसतो आणि तो बदलण्याचे काम शिकवताही येते. आवाज मात्र एका ठिकाणी उमटतो आणि त्याचे मूळ दुसऱ्याच सांध्यात असते, आणि ते मूळ अचूक शोधण्यातच मिस्त्रीची खरी कसोटी लागते. नंदुरबार जिल्ह्यात ही विद्या कशी घडली हे समजून घ्यायचे, तर तिथले रस्ते, त्या रस्त्यांवर आलेल्या गाड्या आणि त्या गाड्यांमधील गिअरची बदलत गेलेली रचना या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे सहा तालुके त्यात आले. मध्यभागी तापीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे, उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आणि त्या ओलांडल्या की नर्मदेचे पात्र, अशी या मुलखाची ठेवण आहे. सुरतेहून खानदेशात येणारा तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला आणि नंदुरबारचा कापूस व धान्य रुळांवरून बाहेर जाऊ लागले. पण रेल्वे खोऱ्यातच राहिली आणि तापीच्या उत्तरेकडचा सगळा व्यवहार बैलगाडीवर, पुढे मोटारीवर अवलंबून राहिला. नवापूर, विसरवाडीवरून कोंडाईबारीच्या घाटाने धुळ्याकडे जाणारा सुरतेचा महामार्ग एका बाजूला, आणि अक्कलकुवा, तळोदा, शहादा या गावांना जोडत सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता दुसऱ्या बाजूला, अशा दोन मुख्य वाटा आहेत. पायथ्याच्या या रस्त्यावरून डोंगरात चढणारे फाटे फुटतात: अक्कलकुव्याहून मोलगीकडे देवगोईचा घाट, तळोद्याहून धडगावकडे चांदसैलीचा घाट आणि शहाद्याहून तोरणमाळकडे सातपायरीचा घाट. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंच आहे, तर शहादा तापीच्या खोऱ्यात त्याहून सुमारे १,००० मीटर खाली आहे. एवढी चढण तासा-दोन तासांत पार करणाऱ्या गाडीच्या चालकाला जवळजवळ प्रत्येक वळणावर गिअर उतरवावा आणि वळण संपताच पुन्हा चढवावा लागतो. सांध्याची झीज गाडी किती किलोमीटर धावली यापेक्षा तो सांधा किती वेळा हलला यावर ठरते, म्हणून सपाट मुलखात अनेक वर्षे टिकणारी गिअरची जोडणी घाटातल्या गाडीत फार लवकर सैल होते.

मोटार येण्यापूर्वीही या भागातील कारागिरांना झिजेची ओळख होती. बैलगाडीच्या चाकाचा लाकडी तुंबा, म्हणजे ज्यात आरे बसतात तो मधला गोळा, कण्याभोवती फिरतो. दोहोंमध्ये वंगण कमी पडले की भोक मोठे होते आणि चाक डुलू लागते. सुतार ते भोक पुन्हा नीट करून आत लोखंडी नळी बसवी आणि लोहार तापवलेली लोखंडी धाव चाकावर चढवून सगळी बांधणी आवळून घेई. सांध्यात किती मोकळीक ठेवायची, कोणता भाग मऊ ठेवून झिजू द्यायचा आणि कोणता वाचवायचा, हा विचार या कामात होता. आणि पुढे गिअरच्या दांडीच्या दुरुस्तीत नेमका हाच विचार निराळ्या धातूंच्या आणि निराळ्या मापांच्या रूपाने लागू पडला.

गिअरची दांडी मात्र पूर्णपणे परकी वस्तू होती. मोटारीचे इंजिन ठरावीक वेगाने फिरतानाच पुरेशी ताकद देते, म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये लहान-मोठ्या दंतचक्रांच्या जोड्या घालून ताकद व वेग यांचे प्रमाण बदलावे लागते; पॅरिसच्या पानार-लेव्हासोर कंपनीच्या एमिल लेव्हासोर यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी दांड्यावर सरकणाऱ्या चक्रांची जी गिअरपेटी वापरली, तिच्यापासून आजच्या हाताने बदलायच्या गिअरची परंपरा सुरू होते. फिरती चक्रे एकमेकांत घुसवताना दात कडकडत, आणि ते टाळण्यासाठी क्लच दोनदा दाबून मध्ये इंजिनाचा वेग जुळवून घ्यावा लागे. चालक त्याला ‘डबल क्लच’ म्हणत. १९२८ मध्ये अमेरिकेच्या कॅडिलॅक गाडीत ‘सिंक्रोमेश’ आले, म्हणजे दात गुंतण्याआधी घर्षणाच्या कड्यांनी दोन्ही चक्रांचे वेग आपोआप सारखे करणारी योजना आली, आणि चालकाचे कष्ट कमी झाले. दांडीचे काम तेच राहिले: वरच्या टोकाला हात, मध्ये गोळ्यासारखा टेकू आणि खालच्या टोकाला सरकणाऱ्या पट्ट्या, ज्यांना जोडलेले काटे म्हणजे ‘फोर्क’ आतली जुळणी पुढेमागे ढकलतात.

डोंगरात ही दांडी सर्वाधिक संख्येने नेली ती जीपने. जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्यासह १९४५ मध्ये स्थापन केलेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने चाललेल्या कंपनीने १९४७ मध्ये अमेरिकेच्या विलिस जीपची जोडणी सुरू केली, आणि वनखाते, महसूल, पोलीस, बांधकाम अशा खात्यांच्या हातून ही गाडी देशभरातील दुर्गम मुलखांत पोचली. या जीपमध्ये चालकाच्या बाजूला एक नव्हे, तीन दांड्या असत: एक तीन गिअरच्या पेटीची, आणि दोन तिच्या मागच्या ‘ट्रान्स्फर केस’च्या, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद देणाऱ्या आणि चढणीसाठी जास्तीचे हळू प्रमाण लावणाऱ्या पेटीच्या. या दोन दांड्या एकाच खिळ्यावर शेजारी-शेजारी बसवलेल्या असतात आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग ढिली पडली की त्या एकमेकींवर आपटू लागतात. त्यामुळे जीपमधला खडखडाट मुख्य दांडीचा आहे असे समजून तिचीच खोलाखोल करणारा नवशिका हमखास फसतो. तिन्ही दांड्यांवर एकेक करून हात ठेवला की खरी दोषी दांडी हात टेकताच गप्प होते, आणि इतकी साधी परीक्षा असूनही ती घाईत विसरली जाते. जीपच्या जुन्या पेटीत दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रोमेश होते, पहिल्याला नव्हते. घाटातल्या अवघड वळणावर पहिला गिअर लावायचा तर गाडी थांबवायची किंवा डबल क्लच करायचा, आणि ते न साधल्यास दांडीवर जोर द्यायचा, हा तिथल्या चालकांचा रोजचा प्रसंग होता. तो जोर थेट गोळ्याच्या टेकूवर आणि फोर्कवर येई.

या झिजेचे गणित सोपे आहे आणि मिस्त्रीच्या निदानाचा पाया त्यातच आहे. दांडी टेकूच्या वर ४० सेंटिमीटर आणि खाली ८ सेंटिमीटर असेल, तर खालच्या टोकाशी पडलेली अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक वरच्या मुठीशी पाचपट, म्हणजे अडीच मिलिमीटर होऊन जाणवते. या मोकळिकीला गॅरेजमध्ये ‘प्ले’ म्हणतात. त्यात इंजिनाचा कंप मिसळतो: चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला ७५० फेरे घेत उभ्या गाडीत सेकंदाला २५ धक्के बसतात, आणि सैल दांडी त्याच तालावर आपल्या खोबणीच्या भिंतींवर आपटत राहते. पेट्रोलच्या तुलनेत डिझेल इंजिनाचे धक्के कठोर असतात. त्यामुळे जीपमध्ये डिझेल इंजिने बसू लागली, पुढे प्यूजो कंपनीच्या तंत्रज्ञानाची आली, तेव्हा पूर्वी खपून जाणारी मोकळीक ऐकू येऊ लागली. एवढ्या आवाजात एखादा खरोखर धोक्याचा आवाज दडून जाऊ शकतो, आणि हेच या दोषाकडे दुर्लक्ष न करण्यामागचे सर्वांत भक्कम कारण आहे.

एस. टी.च्या गाड्यांनी या विद्येला दुसरे अंग दिले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली आणि पुढच्या दशकांत नंदुरबार, नवापूर, शहादा व अक्कलकुवा इथे आगारे उभी राहून ती धुळे विभागाला जोडली गेली. पुढे इंजिन असलेल्या बसमध्ये गिअरपेटी चालकाच्या बरीच मागे असल्याने दांडी लांब, वाकवलेली आणि मधल्या सळयांच्या जोडणीने पेटीशी बांधलेली असे. तिचे थरथरणे पुढच्या बाकांवर बसलेल्या कोणत्याही प्रवाशाने पाहिलेले असते. आगारातल्या कामाचे वैशिष्ट्य असे की तिथे दोष लेखी नोंदवण्याची शिस्त होती. चालकाने सांगितलेले लक्षण एकीकडे आणि कारागिराला सापडलेले कारण दुसरीकडे, अशी सांगड रोजच्या रोज पडताळून पाहिली जाई, आणि मोठे काम असल्यास भाग दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळेकडे जाई. खासगी मिस्त्रीकडे असा कागद नव्हता, पण त्याला एक स्वातंत्र्य होते: भाग मिळत नसेल तर तो स्वतः बनवण्याचे.

ते स्वातंत्र्य काळाने लादले होते. १९५० च्या दशकात सरकारच्या धोरणाने देशी उत्पादनाची योजना नसलेल्या परदेशी जोडणी-कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला आणि पुढची तीन दशके भारतात मोटारींचे मोजकेच प्रकार बनत राहिले. सामान्यांच्या वाट्याला आल्या त्या दोन गाड्या, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट आणि हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बॅसेडर. या दोन्हींत दांडी जमिनीतून वर येत नसे, ती स्टिअरिंगच्या खांबाला आडवी बसवलेली असे. पुढच्या आसनावर तीन माणसे बसावीत म्हणून अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ झाली होती. तिचा तोटा मिस्त्रीच्या नशिबी आला, कारण हाताचे बळ खांबाशी असलेली लांब नळी, तिच्या तळाचे आखूड हात, तिथून गिअरपेटीपर्यंत जाणाऱ्या सळया आणि प्रत्येक जोडावरचे बुश, म्हणजे दोन हलत्या भागांमध्ये बसवलेले नळीसारखे अस्तर, या सगळ्यांतून जाते. प्रत्येक सांध्यात तीन दशांश मिलिमीटरची झीज असली तरी पाच सांध्यांची मिळून दीड मिलिमीटर होते. एकही सांधा एकट्याने दोषी नसतो आणि तरीही दांडी खुळखुळते, दुसऱ्याऐवजी चौथा गिअर पडतो किंवा मध्येच दांडी अडकते. या गाड्यांच्या निदानाला दोन माणसे लागत. गॅरेजमधला शिकाऊ पोऱ्या आसनावर बसून दांडी हळूहळू हलवी आणि मिस्त्री गाडीखाली आडवा होऊन एकेका जोडावर बोट टेकून पाही, की जोडाची एक बाजू हलते आहे आणि दुसरी अजून हललेली नाही, अशी जागा कोणती. बोटाखाली जाणवणारी ही क्षणभराची ढील म्हणजेच त्या जोडाची झीज. पोऱ्या शिकला तो या कामात. वर बसून त्याला दोष ऐकू येई, आणि खाली झोपायची पाळी आली की तो दिसे.

झिजलेला बुश दुकानात मिळाला तर उत्तम, नाहीतर लेथवर काम होई. लेथवाला पितळेच्या किंवा गनमेटलच्या, म्हणजे तांबे व कथिलाच्या मिश्रधातूच्या सळईतून बुश कापून देई आणि घासत-घासत तो खिळ्याला बेताचा बसे. हा ‘बेताचा’ शब्द ज्याला कळला तो कारागीर. बुश फार आवळून बसला तर खडखड जाते, पण दांडी मोकळेपणाने मधल्या जागी परत येत नाही, गिअर अर्धवट लागतो आणि घाटात भार आल्यावर सुटतो. थोडा सैल राहिला तर महिन्याभरात तक्रार परत येते. झिजलेल्या गोळ्यावर पितळेचा थर चढवून तो कानशीने पुन्हा गोल करण्याचे कामही होत असे. याच्या जोडीला उतावळ्यांचे उपायही होते: जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी दांडीला गुंडाळणे, चामड्याचा तुकडा खोबणीत घालणे, सांध्यात ग्रीस कोंबणे. आवाज थांबवण्यापुरते हे उपाय चालतात, पण सांध्याची झीज आत चालूच राहते आणि ती कळण्याचे एकमेव साधन, म्हणजे आवाज, हिरावले जाते; रस्त्यात गाव गाठण्यापुरती पट्टी योग्य, गॅरेजमध्ये ती दुरुस्ती म्हणून खपवणे ही फसवणूक होय.

१९९० च्या दशकात डोंगरातील वाहतुकीचे चित्र पालटले. राज्यात टप्पा वाहतुकीचा, म्हणजे थांब्याथांब्यावर प्रवासी घेण्याचा, हक्क एस. टी.कडे असला तरी सातपुड्यातील पाडे इतके विखुरलेले आहेत की बस प्रत्येकाच्या जवळून जाऊच शकत नाही, आणि ती पोकळी काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांनी भरून काढली. महिंद्रच्या कमांडरसारख्या गाड्या आणि फिरोदियांच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स या त्यांतल्या मुख्य होत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती आणि तिच्यात दोन-तृतीयांशाहून अधिक लोक आदिवासी होते. मोलगी-धडगावचा बाजार, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचे दिवस, काठी गावची होळी, दिवाळीतली अस्तंब्याची यात्रा आणि दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे होणारे स्थलांतर, या सगळ्यांचा भार या गाड्यांनी वाहिला. पुढच्या बाकावर चालकाशेजारी तीन-तीन माणसे बसत आणि त्यांपैकी एकाच्या दोन गुडघ्यांमध्ये गिअरची दांडी येई. याचा यंत्रावर होणारा परिणाम फारसा ध्यानात घेतला जात नाही: गुडघ्याचा किंवा विसावलेल्या हाताचा सततचा दाब दांडीतून आतल्या फोर्कवर जातो, फोर्क फिरत्या कड्यावर घासत राहतो आणि त्याची टोके पातळ होतात. तेव्हा दांडी विशिष्ट गिअरमध्येच थरथरते आणि अखेरीस तो गिअर सटकतो. पावसाळ्यात दरड कोसळून चांदसैलीसारखा घाट बंद पडतो आणि आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते, अशा मुलखात रस्त्यावर उभ्या असलेल्या जीपचा दुसरा गिअर भरचढणीला सटकणार नाही याची खात्री करून देणे हे सार्वजनिक महत्त्वाचे काम होते, आणि ते पायथ्याच्या गावांतील मिस्त्रींनी केले.

डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० ने खासगी मोटारीची रचनाच बदलली. इंजिन आडवे, ताकद पुढच्या चाकांना, आणि दांडी पुन्हा जमिनीवर. पण ती पेटीत थेट न जाता खालून जाणाऱ्या एका सळईने पेटीला जोडलेली असे आणि इंजिन हलले तर दांडीचे बूडही त्याच्याबरोबर हलावे म्हणून शेजारी दुसरी आधाराची सळई असे. या रचनेत खडखडीची दोन निराळी घरे झाली: सळईच्या टोकाचा लहान बुश आणि आधाराच्या सळईचे रबर. बुशाची खडखड खराब रस्त्यावर, गाडी कोणत्याही गिअरमध्ये असताना येते. रबर किंवा इंजिनाची माउंटिंगे, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकते ते रबरी आधार, बसली असतील तर अॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना दांडी पुढेमागे झटके घेते. भाग काही रुपयांचा आणि काम तासाभराचे, पण दोन लक्षणे वेगळी ओळखली नाहीत तर खर्च पेटी उतरवण्यापर्यंत जातो.

पेटी उतरवणे ही शेवटची पायरी आहे आणि तिच्याआधी काय-काय पाहायचे याचा क्रम जीप, फियाट व मारुती या तीन प्रकारच्या गाड्यांच्या अनुभवातून पक्का झाला. आधी मूठ आवळून पाहायची, कारण तिचे आटे सैल झाले तरी हुबेहूब तसाच आवाज येतो. गाडी उभी ठेवून दांडीवर हलका हात टेकायचा. आवाज थांबला तर दोष दांडीच्या सांध्यांत, न थांबल्यास सायलेन्सरच्या नळीवरचा पत्रा, हँडब्रेकची दांडी अशा शेजाऱ्यांवर संशय घ्यायचा. मग क्लच दाबायचा. आवाज त्याने थांबत असेल तर तो पेटीच्या आतून, भार नसलेली चक्रे एकमेकांवर आपटण्यातून येत आहे आणि त्याचा संबंध क्लच प्लेटच्या स्प्रिंगांशी किंवा पेटीतील तेलाशी असू शकतो. त्यानंतर चालत्या गाडीत कोणत्या गिअरमध्ये आवाज वाढतो ते पाहायचे, आणि मगच गाडीखाली जायचे. या क्रमात प्रत्येक परीक्षा पुढच्या परीक्षेपेक्षा स्वस्त आहे. ग्राहकाचा पैसा वाचवण्याचा विचार त्यात पुरेपूर भरलेला आहे, आणि ज्या जिल्ह्यात गाडी हेच कुटुंबाचे भांडवल असते तिथे तो विचार यंत्रज्ञानाइतकाच मोलाचा ठरतो.

नव्या गाड्यांत दांडी आणि पेटी यांच्यामध्ये सळयांच्या जागी दोन केबली आल्या आहेत, एक दांडीच्या पुढेमागे आणि दुसरी आडव्या हालचालीसाठी. केबल कंप कमी पोचवते, त्यामुळे खडखडही कमी असते. पण तिच्या टोकाचा प्लॅस्टिकचा बुश घाटातील धुळीने आणि उष्णतेने झिजतो, आणि तो सुटा न देता पूर्ण केबलच बदलण्याची पद्धत पडल्याने पूर्वी किरकोळ असलेला खर्च अनेक पटींनी वाढतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या निकषांनंतर इंजिनाचे बरेचसे दोष संगणकीय स्कॅनरवर वाचले जातात. झिजलेला बुश मात्र कोणत्याही संवेदकाला जोडलेला नसतो आणि स्कॅनरच्या पडद्यावर त्याचा संकेत उमटत नाही, म्हणून नंदुरबारच्या एमएच ३९ क्रमांकाची नवीकोरी गाडी असली तरी तिच्या दांडीची तक्रार आली की एकाने आसनावर बसून दांडी हलवायची आणि दुसऱ्याने खाली बोट टेकून सांधा शोधायचा हीच रीत चालते, आणि केबल महाग पडत असेल तर नायलॉनच्या सळईतून लेथवर तेवढाच बुश कापून घेतला जातो.